दरवाढ, दरमंजुरी की दरनिश्चिती? (पाण्याच्या बिलातले शब्द)

नमस्कार मंडळी. इंग्लंडात असतो, इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी पाण्याच्या बिलावर पानभर लिहितोय आणि शब्दांत अडकलोय. इथे पाणी खाजगी कंपन्या देतात, त्यांच्या डोक्यावर ऑफवॉट नावाचा नियामक, तो दर पाच वर्षांनी प्राइस रिव्ह्यू करतो, आधी ड्राफ्ट डिटर्मिनेशन (कच्चा निर्णय) मग फायनल डिटर्मिनेशन (पक्का). शेवटचं डिसेंबर 2024 मध्ये आलं, 2025 ते 2030 साठी. मी लिहिलं 'ऑफवॉटने सरासरी 36 टक्के दरवाढ मंजूर केली'. बायको म्हणाली, हे वाचून वाटतं कंपनीने अर्ज टाकला आणि साहेबाने सही ठोकली. मग लिहू काय? आणि 'पाणीपट्टी' चालेल का?

---

वहिनींचा मुद्दा पटला. 'मंजूर' म्हटलं की आकडा कंपनीचा आणि होकार नियामकाचा असं होतं, प्रत्यक्षात आकडाच बदलून येतो की. लंडनला पाणी देणाऱ्या थेम्स वॉटर कंपनीने पाच वर्षांत 53 टक्के मागितले होते, मिळाले 35. मधले कुठे गेले? तर नियामक दराकडे बघतच नाही आधी, तो खर्च बघतो. पाइप बदलायला एवढे, सांडपाण्याच्या प्लांटला एवढे, कर्मचारी, वीज, मग गुंतवलेल्या भांडवलावर परतावा किती द्यायचा (ऑफवॉटने 4.03 टक्के धरला, महागाई सोडून). इतर कंपन्या हेच काम कितीत करतात ते बघून कात्री लावतो. उरलेल्या बेरजेला आपल्याकडे वीज आयोगाच्या आदेशांत 'महसुली गरज' म्हणतात, मी तिथल्या जनसुनावण्यांना जातो म्हणून माहीत, चांगला शब्द आहे, उचला बिनधास्त. ती गरज ग्राहकांवर वाटली की दर निघतो. म्हणून 'दरनिश्चिती' लिहा. मंजूर होतो तो खर्च.

---

थोडं इकडचं. मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो. महाराष्ट्रात पाण्याला नियामक आहे हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, कायदा 2005 चा. आम्ही 'मजनिप्रा' म्हणायचो आणि टपाल हमखास जीवन प्राधिकरणात (पाणीपुरवठ्याच्या योजना बघणारं 'मजीप्रा') जायचं. कायद्यात स्पष्ट आहे, पाण्याच्या आकारातून सिंचनाचं व्यवस्थापन, प्रशासन आणि देखभाल-दुरुस्तीचा पूर्ण खर्च निघाला पाहिजे, धरण बांधायचा नाही. लाभधारकांची मतं घ्यायची आणि दर तीन वर्षांनी फेरआढावा. मग खात्याने खर्चाचा अंदाज द्यायचा, मसुदा लोकांपुढे ठेवायचा, हरकती-सूचना घ्यायच्या, खरी मारामारी असते ती वाटपात, म्हणजे शेती, घरगुती, उद्योग यांनी कुणी किती उचलायचं. उद्योगावर सगळ्यात जड, शेतीवर हलकं. आणि त्या आदेशातला शब्द 'ठोक जलप्रशुल्क'. जलप्रशुल्क उच्चारून बघा एकदा, जीभ अडखळते, आम्ही फायलीवर तेच लिहायचो आणि तोंडाने 'पाण्याचा रेट' म्हणायचो.

---

काका, 'ठोक' महत्त्वाचं आहे, ते सुटलं तर घोळ होतो. धरणातून महापालिकेला जे पाणी मिळतं त्याचा दर प्राधिकरणाच्या हातात, पण महापालिका तुमच्या-माझ्या नळाला काय लावते तिथे त्याचं काहीच चालत नाही. मुंबईत 2012 च्या ठरावाने प्रशासनाला वर्षाला 8 टक्क्यांपर्यंत पाण्याचे दर वाढवायची मुभा आहे, त्याला ना नियामक ना सुनावणी. तिथे 'दरवाढ' हाच शब्द बरोबर, निश्चिती-बिश्चिती काही नाही.

---

पाणीपट्टीबद्दल: पट्टी म्हणजे मुळात वर बसवलेली, सगळ्यांकडून वसूल केलेली रक्कम. पेशवाईत कर्जपट्टी होती, गावात देवळासाठी अजून पट्टी काढतात. घरपट्टीसारखी ठरीव, वापराशी संबंध असेलच असं नाही. मीटरच्या रीडिंगवर येतं ते 'पाण्याचं बिल'. इंग्लंडात मीटर नसलेल्या घरांना घराच्या जुन्या मूल्यांकनावर आकार लावतात, त्यांना मात्र पाणीपट्टी शोभून दिसेल 😄

---

वा, हे माहीत असूनही डोक्यात आलं नव्हतं. आता अजून एक. पाच कंपन्या ऑफवॉटचा निकाल न पटून सीएमएकडे गेल्या, म्हणजे तिथलं स्पर्धा आणि बाजार प्राधिकरण. 'अपील केलं' लिहू?

---

अपिलात निकाल चूक की बरोबर एवढंच बघतात अशी आपली समजूत. सीएमए आकडे नव्याने मांडून स्वतः ठरवतं, म्हणून 'फेरनिर्धारण'. लांबलचक आहे, पण अर्थ नेमका बसतो.

---

ठीक, मग असं करतो: 'ऑफवॉटने कंपन्यांचे खर्च तपासून 2025-30 ची दरनिश्चिती केली, त्यात बिलं सरासरी 36 टक्क्यांनी वाढतील.' चालेल?

---

'महागाई वगळून' घाला त्यात, नाहीतर लोक तुम्हालाच फोन करतील. थेम्सचं बिल पाच वर्षांत 35 टक्के म्हणाले आणि सरासरी बिल 2025-26 या पहिल्याच वर्षी 31 टक्क्यांनी वाढलं, कारण बरीचशी वाढ सुरुवातीलाच लावलीय आणि वर महागाई वेगळी. 'टप्प्याटप्प्याने' मात्र लिहू नका, तसं वाचून लोक वर्षाला सात टक्के धरून बसतात.