'लेंड' की 'बॉरो'?

हळकुंड : सांगलीच्या मार्केट यार्डात चुलतभावाची हळद गोदामात पडून आहे. तारण कर्जाच्या कागदाचं इंग्रजी करून द्यायचं होतं. 'शेतकऱ्याने हळदीवर कर्ज घेतले' इथं मी 'बॉरो' घातलं. भाचा म्हणतो, 'मामा, लेंड पायजे, आमच्या सरांनी सांगितलंय.' कोण बरोबर?

कृष्णाकाठ : तुम्ही. घेणारा बॉरो, देणारा लेंड. आपलं 'उसनं' एकच, पुढं 'घे' लावा नाहीतर 'दे'. म्हणून तर पोरं 'बॉरो मी अ पेन' म्हणतात.

निवृत्त मास्तर : बॉरोच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतलं 'बोर्ग' आहे, म्हणजे तारण, जामीन. तुमच्या कागदात तर अगदी चपखल! लेंडमधला 'ड' मात्र मागाहून चिकटलेला.

मिरजेची मी : जर्मनमध्ये 'बोर्गन' देण्याला आणि घेण्याला, दोन्हीला चालतं. मग पोरांनाच का झोडपायचं? अमेरिकेत 'लोन'चंसुद्धा क्रियापद करतात.

निवृत्त मास्तर : ताई, परीक्षक अमेरिकेतून येत नाहीत.

कृष्णाकाठ : मला 'लाय' आणि 'ले' जास्त छळतात. एक पडणं, दुसरं ठेवणं. आपल्या पडणे-पाडणेसारखीच जोडी. 'फॉल' म्हणजे पडणे, 'फेल' म्हणजे झाड पाडणे. इथवर ठीक. पण 'लाय'चा भूतकाळ परत 'ले'च! हा खोडसाळपणा कुणी केला?

उसाचा फड : मुळात इंग्रजी कशाला? मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, मुदत ६ महिने. एवढं मराठीत कळत नाही का कुणाला?

हळकुंड : खरेदीदार केरळचा आहे हो. माल तारण आहे हे त्याला कळायला नको?

उसाचा फड : आणि गोदाम कसलं, आमच्या हरिपुरात हळद पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात असायची. २००५च्या पुरात पेवं गेली. आता पेव फुटतं ते फक्त क्लासेसचं.

मिरजेची मी : ते 'पेव फुटणे' ह्याच पेवावरून? मला वाटायचं मुंग्यांवरून.

उसाचा फड : मुंग्या कुठल्या? आत हवाच नसते. उघडल्यावर आधी कंदील सोडून बघायचे, विझला तर माणूस उतरवायचे नाहीत.

निवृत्त मास्तर : पेव फुटलं की धान्य भसाभस बाहेर येतं, त्यावरून.

उसाचा फड : मास्तर, पेव जमिनीखाली असतं. भसाभस वर कसं येईल?