फॅशन फोटोग्राफीचं वेड: तुमचे अनुभव सांगा

पोट भरतं लग्नाच्या ऑर्डरींवर, जीव मात्र फॅशनच्या फोटोंत अडकलाय. नाशकात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "त्यात पैसे मिळतात का?" फारसे नाहीत. पण सुटतही नाही. येवला जवळ, त्यामुळे माझा सगळा हट्ट पैठणीचा. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, म्हणून धूपछाव पैठणी समोरून जांभळी दिसते आणि कडेने हिरवट. समोरून फ्लॅश मारला की हा खेळच संपतो, वर जरीचा काठ पांढराफटक. मी खिडकीचा उजेड बाजूने घेतो आणि मॉडेलला सांगतो, सावकाश वळ. निऱ्यांवर रंग पालटला की क्लिक. लग्नात नवरीच्या साडीला एवढा वेळ कोण देतो?

तुम्हाला हे वेड कुणामुळे लागलं, टिकलं कशापायी? मॉडेल, मेकअपवाले, शिंपी, सगळ्यांनी लिहा.

गिरगावकर
नव्वदच्या दशकात मुंबईत असिस्टंट होतो. काम ट्रान्सपरन्सीवर, म्हणजे स्लाईडच्या फिल्मवर; उजेडाचं माप अर्धा स्टॉप इकडेतिकडे झालं तरी बोंब. म्हणून आधी पोलरॉइड, म्हणजे चाचणीचा झटपट फोटो काढायचा, घड्याळाकडे बघत थांबायचं, मग वरचा कागद सोलायचा. तो बघून सर लाईट वीतभर सरकवायचे, की पुन्हा पोलरॉइड. लाईट काय करतो हे मी त्या थांबण्यात शिकलो.
वेड लावलं ते फोटोग्राफर गौतम राजाध्यक्षांनी. रसायनशास्त्र शिकलेला, लिंटास या जाहिरात कंपनीत नोकरी केलेला माणूस, आणि चेहऱ्यावर काय मऊ उजेड टाकायचा! १९९७ साली त्यांचं पुस्तक आलं, ते दुकानात उभ्याउभ्याच पाहिलं. घेण्याची ऐपत नव्हती. त्यांच्या फोटोत आधी बाई दिसते, दागिने मागाहून.

काळापांढरा
काका, आदर आहेच, पण राजाध्यक्ष पोर्ट्रेटवाले. फॅशन म्हणजे अमेरिकन फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडन. त्याचा तो फोटो: १९५५, पॅरिसमधली सर्कस, डोव्हिमा नावाची मॉडेल, डिओर या फॅशन हाऊसचा काळा गाऊन आणि मागे हत्ती. गाऊनचं डिझाइन इव्ह सँ लोराँचं, तेव्हा तो डिओरकडे असिस्टंट होता. हत्तीची सुरकुतलेली कातडी शेजारी आहे म्हणून ते कापड इतकं तलम वाटतं. कॉलेजात पाहिला हा फोटो, तेव्हापासून मी कामातून गेलो.

गिरगावकर
हत्ती आणायला बजेट लागतं रे बाबा.

कॅटलॉगवाला
आमच्याकडे ना हत्ती, ना डिओर. ऑनलाइन विकायचे कुर्ते. पांढरा पडदा, समोरून, मागून, बाजूने, गळ्याचा क्लोजअप, चला पुढचा. वेड उतरवायचं असेल तर वर्षभर हे करा. फोटोत अंगाबरोबर बसलेला कुर्ता मागून बघाल तर साळिंदर, चिमटेच चिमटे. बारीक चौकडीच्या शर्टाचा वेगळा त्रास: वीण आणि सेन्सरचे पिक्सेल एकमेकांत अडकतात, मग कापडावर नसलेल्या रंगीत लहरी उमटतात. पाऊलभर पुढेमागे सरकलं की बहुतेकदा जातात.
स्वतःसाठी रविवारी सकाळी मुंबईतलं बॅलार्ड इस्टेट गाठतो. रस्ते रिकामे, दगडी इमारतींवरून परतून येणारा उजेड फुकट. ट्रायपॉड उघडला की मात्र हवालदार हजर. हातात कॅमेरा असेल तर कुणी ढुंकून बघत नाही.

उन्हातउभी
मी मॉडेल. उजेडाचं कौतुक वाचलं, आता आमचं ऐका. हिवाळी कपड्यांचं शूट उन्हाळ्यात होतं, म्हणजे मे महिन्यात लोकरीचा कोट आणि चेहऱ्यावर थंडी. घाम पुसायला मेकअपताई टिश्यू घेऊन मागेमागे. त्यात 'टीएफपी', म्हणजे पैशांऐवजी फोटो. एका गृहस्थांकडून ते फोटोही महिनोन्महिने आले नाहीत. वेड तुमचं, घाम आमचा!
तरी करते, कारण चांगला फोटोग्राफर "स्माईल" म्हणत नाही. खांदा पाडायला लावतो, हनुवटी किंचित पुढे, आणि साधी सुती साडीसुद्धा अंगावर वेगळीच बसते.
नाशिककर, पैठणीसाठी मी येईन. येवल्याचं भाडं, दुपारचं जेवण, आणि फोटो आठ दिवसांत. लेखी द्या.