मदत हवी आहे: पुशओव्हर आणि टाइम हिस्टरीचे निकाल जुळत नाहीत

नमस्कार मंडळी, १४ मजली आरसीसी इमारतीचं मॉडेल करतोय. आठव्या मजल्यानंतर इमारत एकदम अरुंद होते. पुशओव्हरमध्ये (आडवा भार हळूहळू वाढवत नेऊन) प्लास्टिक हिंज (जिथे बीम किंवा कॉलम कायमचा वाकून बिजागरासारखा वळतो ती जागा) बहुतेक खालच्या तीन मजल्यांच्या बीमना आले, कॉलम शाबूत. बघून बरं वाटलं होतं. पण १९४० च्या एल सेंट्रो भूकंपाची नोंद घेऊन नॉनलिनियर टाइम हिस्टरी (भूकंपातली जमिनीची हालचाल क्षणाक्षणाने देऊन केलेलं गणित) चालवली, तर नवव्या मजल्याच्या सगळ्या कॉलमना वर-खाली दोन्ही टोकांना हिंज! म्हणजे अख्खा मजलाच सरकतोय.

पहिल्या मोडमध्ये (इमारत डोलण्याच्या मुख्य प्रकारात) जेमतेम ६१ टक्के वस्तुमान येतं, आणि पुशओव्हरचा भार मी त्याच मोडच्या आकाराने दिलाय. त्यामुळे वरच्या मोडचा परिणाम सुटतोय, असं मला वाटतं. मोडल पुशओव्हरने (प्रत्येक मोडचा वेगळा पुशओव्हर करून निकाल एकत्र केले तर) हे भरून निघेल, की टाइम हिस्टरीवरच विसंबावं? एका नोंदीवर निर्णय घ्यायचा नाही, हे कळतं. मग किती नोंदी घेता, आणि स्केलिंग (नोंदींची तीव्रता जुळवणं) कोणत्या पिरियडच्या (एका डोलण्याला लागणाऱ्या वेळेच्या) पट्ट्यात करता?

शिवाय रेले डॅम्पिंग (कंपनं शमवणारा, वस्तुमान आणि स्टिफनेसवरून काढलेला अवरोध) सुरुवातीच्या स्टिफनेसवर (ताठपणावर) ५ टक्के ठेवलंय. हिंज आल्यावर ते उगाच जास्त धरलं जात नाही ना? टँजंट स्टिफनेस (त्या-त्या क्षणाचा, हिंजनंतर घटलेला ताठपणा) वापरलेल्यांनी अनुभव जरूर सांगा. कॉलमचं डिझाइन बदलण्याआधी खात्री हवी आहे, त्या मजल्यावर माणसं राहणार आहेत.