रॅमच्या आधी पंखा बघा

२०१३ चा लॅपटॉप, ४ जीबी रॅम, दुपारी आपोआप बंद होतो म्हणून १६ जीबी रॅम घ्यायचा विचार, असा प्रश्न एकाने विचारलाय. घाई नको. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद पडणारं मशीन बहुतेक वेळा तापून बंद पडतं, रॅम वाढवून ते थांबणार नाही.

मागचं झाकण काढल्यावर सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. हीटसिंकचे (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाचे) स्क्रू त्यावरच्या आकड्यांच्या उलट क्रमाने ढिले करा. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीची गादी जमलेली असते, ती ब्रशने काढा. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर वेगाने फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी तांदळाच्या दाण्याएवढीच लावा. (आणि लॅपटॉप पाण्याच्या कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, तो दमटपणा बोर्डाला मानवत नाही.)

मग जुन्या हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा (त्याच जोडणीची) एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, २५६ जीबी पुरे. जुनी डिस्क ९.५ मिमी जाड आणि एसएसडी ७ मिमी असेल, तर सोबतची प्लास्टिकची पट्टी लावा. वेगातला खरा फरक इथेच जाणवेल.

रॅम शेवटी, ४ जीबीची आणखी एक पट्टी. सीताबर्डीच्या बाजारात घेताना जुनी पट्टी सोबत न्या, म्हणजे त्याच व्होल्टची घेता येईल. १.३५ व्होल्टच्या मशीनमध्ये १.५ ची पट्टी घातली की बहुधा स्क्रीन काळीच राहते.