आईला केमोच्या ग्रुपमधून बाहेर काढू का?

धायरीची_लेक:
आई ६३ वर्षांची, ब्रेस्ट कॅन्सर, आठातल्या चार केमो झाल्या. डे-केअरला शेजारच्या बेडवर असलेल्या काकूंनी तिला व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. आमच्याशी "बरंय" पलीकडे बोलत नाही. तिथे मात्र तोंड आलंय इथपासून टोपाखाली डोकं खाजतं इथपर्यंत सगळं लिहिते. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या तिथेच कळल्या. पण मंगळवारी एकीच्या मुलाचा मेसेज आला, "आई गेली." आदल्या रात्रीच त्यांचं आणि आईचं भरल्या वांग्यावरून चाललं होतं. दोन दिवस आईने ताटाला हात लावला नाही. रात्री दोनला पांघरुणाखाली फोनचा उजेड दिसतो. काढू का?

वारज्याची_ताई:
नको गं. मी २०१९ ची पेशंट. घरच्यांसमोर रडलं की तेच रडायला लागतात, मग आपणच त्यांना पाणी द्यायचं! ग्रुपवर ती कटकट नाही. भुवया गेल्यावर पेन्सिल कुठून फिरवायची, हे मला नवऱ्याने सांगितलं असतं का? आमची ॲडमिन मात्र खमकी. रात्री दहानंतर ग्रुप बंद, आणि कुणी गेलं तर आधी एकेकीला फोन, मेसेज नंतर. तुमच्या ॲडमिनशी बोल.

पेठी_पुणेकर:
"ग्रुपने आयुष्य वाढतं" असं कुणी म्हणालं तर सोडून दे. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात तसं दिसलं होतं, पण बायका ८६ च. २००१ मध्ये कॅनडात २३५ जणींवर पाहिलं, आयुष्य वाढलं नाही. मनावरचा ताण आणि दुखणं मात्र कमी झालं, तेही आधीच जास्त खचलेल्यांचं. दोन्हीकडे आजार पसरलेला होता आणि गटात तज्ज्ञ बसायचे. तुमच्या ग्रुपवर कोण आहे? केमो सोडून गव्हांकुर प्या म्हणणारा एखादा असतोच. आई जेवत-झोपत नाही हे ऑन्कोलॉजिस्टना सांगाच. रात्री-बेरात्री १४४१६ लावा, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.

धायरीची_लेक:
ॲडमिनना फोन केला, त्या स्वतःच रडल्या. ग्रुप रात्रीपुरता म्यूट केलाय, आईला विचारून. मंगळवारचं काढलं तर म्हणाली, "वांग्यात त्या कारळं घालायच्या की तीळ, विचारायचंच राहिलं." आज मंडईतून वांगी आणलीत. दोन्ही घालून बघतोय.