नवऱ्याला स्किझोफ्रेनिया, त्याच्यावर मारहाणीचा गुन्हा, बायकोला घटस्फोट हवा: आजारपण अर्जात लिहावं का?

शलाका_समुपदेशन
सल्ला हवाय. नवऱ्याला स्किझोफ्रेनिया, गोळ्या बंद. बायको जेवणात विष घालते या संशयावरून लोखंडी गजाने मारलं, तिचं मनगट मोडलं. भारतीय न्याय संहितेचं ११८(२), म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत, हे कलम लागलंय, तो न्यायालयीन कोठडीत आहे. सासरचे म्हणतात, "आजारी माणूस आहे, केस मागे घे." घटस्फोटाच्या अर्जात आजार लिहिला तर तो गुन्ह्यातून सुटेल, ही तिची भीती. काय करावं?

दिवाणी_फौजदारी
ताई, दोन्ही कोर्टांचे प्रश्न वेगळे आहेत. फौजदारी कोर्टात न्याय संहितेच्या कलम २२ खाली, म्हणजे वेडाच्या बचावात, पाहतात ते एवढंच: गज उचलला तेव्हा आपण काय करतोय, ते चूक वा बेकायदा आहे, हे समजण्याइतपत तो शुद्धीवर होता का? सिद्ध करायचा भार आरोपीवर. निदानाचा कागद पुरत नाही. आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं तपासतात. गज लपवला का, पळून गेला का, शेजाऱ्यांशी काय बोलला. दह्याभाई ठक्कर खटल्यात (१९६४) बायकोच्या खुनाचाच आरोप होता, वेडाचा बचाव टिकला नाही.

घटस्फोटाच्या कोर्टात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली प्रश्न असा, की या माणसासोबत राहण्याची अपेक्षा करता येईल का. तिथेही नुसता 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द चालत नाही, तीव्रता दाखवावी लागते (राम नारायण गुप्ता, १९८८). म्हणून क्रूरतेचं कारणही जोडा. त्यात हेतू सिद्ध करणं सक्तीचं नाही. अर्जात 'वेडा' नको. तारीख, काय झालं, कोणी पाहिलं, एवढंच.

समन्स तुरुंग अधीक्षकामार्फत बजावून घ्या. तो स्वतःची बाजू मांडू शकत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम १५ खाली त्याच्या वतीने बाजू मांडणारा पालक नेमायला लावा. हे राहून गेलं की मिळालेला घटस्फोटाचा हुकूमनामा पुढे रद्द होण्याची भीती, आणि सगळं पहिल्यापासून.

११८(२) तडजोडीत मिटत नाही. तिने 'मागे घेतली' म्हटल्याने खटला थांबत नाही.

मनोविकार_ओपीडी
जुनी केसपेपर्स आणि शेवटचं प्रिस्क्रिप्शन त्याच्या घरच्यांकडून तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जाऊ द्या, नाहीतर कोठडीतही गोळ्या बंदच राहतील. सुटल्यावर गोळ्या टाळणार असेल तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन सुचवता येतं. आणि विषाचा संशय असलेल्याच्या चहात गुपचूप गोळी मिसळायचा सल्ला नातेवाईक हमखास देतात. ती सापडली की त्याच्या भ्रमाला पुरावाच मिळतो. मग इलाजही संपला आणि बायकोचा जीवही धोक्यात.

शलाका_समुपदेशन
जामीन झाला तर? घर तिच्याच नावावर आहे.

दिवाणी_फौजदारी
जामिनाआधी घरगुती हिंसाचार कायदा २००५ खाली कलम १२ चा अर्ज टाका: कलम १८ चा संरक्षण आदेश, १९ खाली त्याला घरात यायला मनाई, २३ खाली तातडीचा अंतरिम आदेश. संरक्षण अधिकारी अहवाल भरून देतात. वकील नसेल तर मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. बाईला उत्पन्नाची अट नाही. भ्रमात असलेल्या माणसाला आदेशाचा कागद अडवत नाही, म्हणून एक प्रत पोलीस ठाण्यात द्या, कुलूप बदला, ११२ (पोलीस) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) पाठ करून ठेवा.

खटला चालवण्याइतका तो भानावर नाही असं ठरलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटला कसा चालवायचा त्याचा कायदा) कलम ३६९ खाली जामीन होऊ शकतो. तेव्हा एखाद्या नातेवाइकाने हमी द्यायची असते की नियमित उपचार करू आणि तो कुणाला इजा करणार नाही याची काळजी घेऊ. सासरचे हा कागद तिच्यापुढे सरकवतील. सही तिने करायची नाही. त्याच्या भावाने करावी, आणि हमीत त्याचा राहण्याचा पत्ता भावाचा लिहून घ्या.