चार मंत्रालयांतला कापूस आणि पंतप्रधानांचे उत्तर

कोरडवाहू कास्तकार, घाटंजी

काल गुरुजींनी येथे लिहिले की, पंतप्रधानांनी संसदेत प्रश्नोत्तराच्या तासाला स्वतः उभे राहावे ही मागणी म्हणजे विलायतेची नक्कल आहे, खात्याचा मंत्री उत्तर देतो तेवढे पुरेसे आहे, आणि कास्तकाराने दिल्लीच्या कामकाजापेक्षा आपल्या वावरात लक्ष घालावे. ते शेवटचे वाक्य मला रात्रभर बोचत राहिले, म्हणून सविस्तर लिहितो.

गुरुजी, वावरात काय पेरायचे ते माझ्या हातात आहे, पिकलेले कोणत्या भावाने जाईल ते नाही. कापसाचा हमीभाव कृषी मंत्रालयाच्या वाटेने येतो, खरेदी करणारी सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली आहे, आयात शुल्क अर्थ मंत्रालयाकडे आहे आणि परदेशांशी व्यापाराच्या वाटाघाटी वाणिज्य मंत्रालय करते. २०२१च्या अर्थसंकल्पाने कापसावर ११ टक्के आयात शुल्क बसवले. २०२५मध्ये ते १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ झाले. पावसाळी अधिवेशन २१ ऑगस्टला संपले आणि त्यानंतर आठवडाभरातच ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. हिवाळी अधिवेशन १ डिसेंबरला भरले, तेव्हा आमची दुसरी वेचणी उरकली होती.

त्याच हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला होता. एकीकडे हमीभाव वाढवायचा आणि दुसरीकडे सीतादहीच्या, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेच्या, तोंडावर बाहेरच्या कापसाला दार उघडायचे, या दोन निर्णयांचा मेळ कसा घातला, हे विचारायचे कोणाला? कृषिमंत्र्यांकडे शुल्क नाही, अर्थमंत्र्यांकडे हमीभाव नाही. हमीभावाला मंजुरी देणाऱ्या मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीचे अध्यक्ष मात्र पंतप्रधान असतात. चारही खात्यांचे धागे ज्या एकाच खुर्चीपाशी येतात, त्या खुर्चीने उत्तर द्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

मी नोव्हेंबरात खरेदी केंद्रावर रात्रभर ट्रॅक्टरवर बसून होतो. सकाळी प्रत तपासणाऱ्या ग्रेडरने यंत्राची सळई गंजीत खुपसली आणि ओलावा १४ टक्के दाखवला. १२च्या वर कापूस घेत नाहीत. परतीच्या भाड्याला पैसे नव्हते, म्हणून तो कापूस तिथल्याच एका व्यापाऱ्याला सहा हजार आठशेने दिला.

निवृत्त शिक्षक, दारव्हा

भाऊ, वावराविषयीचे माझे वाक्य कठोर होते, ते मी मागे घेतो. बाकीचे मागे घेत नाही.

राज्यघटनेच्या ७५व्या अनुच्छेदानुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. अर्थमंत्र्यांचे उत्तर हे सरकारचे उत्तर असते, ते एका खात्याचे मत नसते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न लागतात, त्यांतल्या मोजक्यांनाच तोंडी उत्तराची वेळ मिळते, आणि तेवढा वेळही गोंधळात वाया जातो. तेथे पंतप्रधानांना उभे केले, तर दूरचित्रवाणीसाठी एक रंगलेला सामना होईल आणि कापूस आहे तेथेच राहील. शिवाय प्रश्न विचारणाऱ्यांचे काय? प्रश्नांसाठी पैसे घेतल्याबद्दल २००५च्या डिसेंबरात ११ खासदारांना संसदेने बडतर्फ केले, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

पंतप्रधान सभागृहात बोलत नाहीत असेही नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये अविश्वास प्रस्तावावर ते दोन तासांहून अधिक बोलले. आणि २००६च्या १ जुलैला त्या वेळचे पंतप्रधान स्वतः विदर्भात येऊन आपल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे शेतकरी मदत पॅकेज जाहीर करून गेले. लोकांपर्यंत येऊन दिलेले उत्तर मला सभागृहातल्या शाब्दिक चकमकीपेक्षा मोठे वाटते.

शेतकऱ्याची लेक, वर्धा जिल्हा

गुरुजी, त्या पॅकेजाचा दाखला देऊ नका. त्यातली एक गाय आमच्या घरी आली होती.

निम्मे अनुदान आणि निम्मे कर्ज, अशी ती संकरित गाय बाबांच्या नावावर झाली. चैत्रातल्या उन्हात ती धापा टाकायची, म्हणून आई दिवसातून चार वेळा ओला पोता तिच्या पाठीवर टाकायची. आमच्याकडे कुटार होते, हिरवा चारा नव्हता. ढेपेचे, म्हणजे पेंडीचे, पैसे दुधातून निघायला हवे होते. पण दूध गोळा करणारी गाडी आमच्या फाट्यापर्यंत येतच नव्हती. दुसऱ्या वर्षी बाबांनी ती निम्म्याहून कमी किमतीत विकली आणि तिचा हप्ता पुढे तीन वर्षे भरला. ज्या घरात माणसांपुरते पाणीही विहिरीवरून आणावे लागत होते, तेथे दिवसाला घागरीमागून घागरी पिणारे जनावर कोणी पाठवले? विचारायला मी लहान होते, बाबा विचारायला भीत होते.

पंतप्रधान आले, ऐकून गेले, याबद्दल मी आजही वाईट बोलणार नाही. परंतु दौरा एकदाच होतो. वर्षभराने सभागृहात कोणी थेट त्यांनाच विचारले असते की, त्या गायी कोणाच्या गोठ्यात आहेत, तर पुढची खेप तरी थांबली असती.

वकील, पुसद

ताई, अनुभव खरा आहे. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. पॅकेज राबवणारी यंत्रणा राज्याची होती. गायीचा जाब विचारायचा तर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मुख्यमंत्र्यांना विचारायला हवा होता. प्रत्येक गोष्टीचे खापर दिल्लीवर फोडण्याची आपल्याकडे सवय झाली आहे. केंद्राच्या २००८च्या शेतकरी कर्जमाफीबद्दलही तेच रडगाणे आजवर चालू आहे.

कोरडवाहू कास्तकार, घाटंजी

वकीलसाहेब, रडगाणे हा शब्द जपून वापरा. त्या कर्जमाफीत दोन हेक्टरची, म्हणजे पाच एकरांची अट होती. पाच एकर ओलिताचा बागायतदार संपूर्ण माफीत बसला आणि आमचे साडेसहा एकर कोरडवाहू बाहेर राहिले. त्या साडेसहा एकरांत मुरमाड किती आणि नाल्याने खरवडून नेलेले किती, हे सातबारावर लिहिलेले नसते. माझ्या वडिलांनी सोसायटीच्या भिंतीवरची यादी तीन वेळा वाचली. तुम्ही त्या यादीसमोर उभे नव्हता.

वकील, पुसद

माझे वडीलही सोसायटीचेच कर्जदार होते, तेव्हा मला यादी शिकवू नका. आणि अर्धी माहिती देऊ नका. पॅकेजच्या जिल्ह्यांत पाच एकरांवरच्या शेतकऱ्याला २५ टक्के किंवा २०,००० रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढी सूट होती.

शेतकऱ्याची लेक, वर्धा जिल्हा

उरलेली रक्कम आधी स्वतः भरली तर. ज्याच्याकडे ती भरायला पैसे होते तो थकलाच कशाला असता?

ग्रामपंचायत सदस्य, पांढरकवडा तालुका

मी एवढेच सांगतो की, आमच्या ग्रामसभेत नालीच्या सिमेंटचा हिशोब एका म्हाताऱ्या आजीने सरपंचांना विचारला, तेव्हा ग्रामसेवक उत्तर द्यायला उठले. आजी म्हणाल्या, "तुम्ही बसा, मी त्यांना विचारते आहे." सरपंचांना बोलावे लागले. नंतर त्यांनी वही आणवली आणि पाच पोत्यांची चूक सर्वांसमोर मान्य केली. ग्रामसेवकांनी सांगितलेले आकडे तेच असते. परंतु चूक मान्य करण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

निवृत्त शिक्षक, दारव्हा

दुपारपासून मी आपली सर्व उत्तरे दोनदा वाचली. गाईची हकीकत मला ठाऊक नव्हती आणि पॅकेजचा दाखला मी घाईने दिला, हे मान्य करतो. तरीही मूळ शंका कायम आहे. लंडनमध्ये दर बुधवारी अर्धा तास पंतप्रधानांना प्रश्न विचारतात. त्यातून तेथील शेतकऱ्याचे काय भले झाले?

कोरडवाहू कास्तकार, घाटंजी

तेथील शेतकऱ्याविषयी मी बोलणार नाही. परंतु तेथे १९९७पूर्वी मंगळवारी आणि गुरुवारी पंधरा-पंधरा मिनिटे असत, ती एकत्र करून बुधवारची वेळ ठरली आणि सरकारे बदलली तरी ती चालू राहिली. प्रश्नाचा विषय आधी कळवावा लागत नाही, म्हणून पंतप्रधानांना प्रत्येक खात्याची तयारी करून यावे लागते. मला त्या तयारीचे मोल वाटते. बुधवारी आपल्याला विचारतील या धास्तीने मंगळवारी चार मंत्रालयांना एकमेकांशी बोलावे लागेल.

आणि ही परंपरा परकी कशी? नेहरू परराष्ट्र खाते स्वतःकडे ठेवून होते आणि त्या खात्याच्या प्रश्नांना सभागृहात स्वतः उत्तरे देत. १९५९च्या ऑगस्टमध्ये अक्साई चीनमध्ये चीनने बांधलेल्या रस्त्याची अप्रिय माहिती त्यांना लोकसभेत द्यावी लागली. आजही पंतप्रधानांकडच्या खात्यांचे प्रश्न लोकसभेत बुधवारी लागतात. फक्त उत्तराला सहसा राज्यमंत्री उठतात. अविश्वास प्रस्तावावरचे भाषण कितीही लांब असले, तरी त्याला उपप्रश्न विचारता येत नाही.

वकील, पुसद

उपप्रश्नाचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. १९५७मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योजक मुंध्रा यांच्या कंपन्यांत पैसे गुंतवल्याच्या प्रकरणाला प्रश्नोत्तराच्या तासानेच तोंड फुटले, खासदार फिरोज गांधी सत्ताधारी बाकांवरून मागे लागले आणि पुढच्या फेब्रुवारीत अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. मात्र तेथे उत्तर अर्थमंत्र्यांनी दिले होते, पंतप्रधानांनी नव्हे, याचीही नोंद घ्या. माझे मत बदललेले नाही.

तरी तुम्हाला विचारायचेच असेल, तर खासदारांमार्फत, नियमात बसणारे विचारा. पंधरा दिवसांची सूचना लागते, प्रश्न दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, आणि त्यात तक्रार किंवा युक्तिवाद चालत नाही. मंत्र्यांनी "माहिती घेऊन सांगतो" असे म्हटले, तर ते आश्वासन समितीकडे जाते आणि तीन महिन्यांत पुरे व्हावे लागते. मसुदा मी तपासून देतो. तो अर्थमंत्र्यांच्या नावे पाठवा, म्हणजे दुसऱ्या खात्याकडे वळता होण्यात वेळ जाणार नाही.

कोरडवाहू कास्तकार, घाटंजी

मसुदा आज रात्री पाठवतो. ओलावा, रांग आणि माझे भाडे त्यातून काढतो. हमीभाव, शुल्कमाफीच्या दोन्ही तारखा आणि दोन्ही निर्णय एकत्र कोणत्या बैठकीत तपासले, एवढेच ठेवतो. गुरुजींनी शुद्धलेखन पाहावे. पहिल्या ओळीत मात्र "पंतप्रधान" हाच शब्द राहील. लोकसभा सचिवालयाला तो बदलायचा असेल, तर त्यांनी बदलावा आणि तसे खासदारांना लेखी कळवावे.